प्रतिसाद: रंग का मिसळायचे आणि कॅसेटचं काय करायचं

झेडएक्स स्पेक्ट्रम या टीव्हीला जोडायच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर गेममधली दोन चित्रं जवळ आली की रंग एकमेकांत शिरायचे, ते स्वस्त टीव्हीमुळे, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. कारण मशीनमध्येच होतं. १९८२ च्या या स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, पण रंग ठरायचे ८ बाय ८ च्या चौकोनाला, आणि एका चौकोनात दोनच. म्हणून अख्खं चित्र ६,९१२ बाइटमध्ये मावायचं. ४८ के (किलोबाइट) मेमरीत गेमलाही जागा हवी ना! मला ही काटकसर आजही देखणी वाटते.

सोलापुरात आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यामुळे रंगांचा हा प्रकार फार उशिरा पाहिला. गेम कॅसेटवरून मशीनमध्ये चढवायचे, त्यामुळे आमची खरी झुंज टेपरेकॉर्डरशी. मोठा गेम चढायला पाचेक मिनिटं, मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. लोड होईना तर टेप वाचणाऱ्या हेडजवळचा बारीक स्क्रू आवाज स्वच्छ, चिरका होईपर्यंत फिरवायचा. नवी पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी हे शिकवलं.

कुणाकडे अशा कॅसेट असतील तर कृपया फेकू नका. आवाज वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या, बरेच इम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम) ती थेट वाचतात.