पूरग्रस्तांना मदत करताना ख्रिस्ती मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) प्रार्थना घ्यावी का?

प्रश्न: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमची कोल्हापुरातील मंडळी शिरोळ तालुक्यात शिधा नेते. वाटपाआधी प्रार्थना घ्यावी का, यावर आमच्यात मतभेद आहेत.

उत्तर 1: घेऊ नये. रेडक्रॉसच्या मदतकार्यासाठीच्या 1994 च्या आचारसंहितेनुसार, जिच्या पुरस्कर्त्यांत कॅरितास ही कॅथलिक मदतसंस्था आणि जागतिक चर्च परिषदही आहेत, मदत धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी वापरता येत नाही. शिवाय रांगेतल्या उपाशी माणसाला नकार देण्याची मोकळीक असतेच कुठे?

उत्तर 2: सहमत आहे, मात्र कुणी आपणहून विनंती केली, तर बाजूला बसून जरूर करावी. 2019 च्या महापुरानंतर आम्ही जुने कपडे नेले, ते पडूनच राहिले (चूक आमचीच). लोकांना हवी होती गाळ उपसायला फावडी आणि कोरडी अंथरुणे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फावड्यांचे रविवारच्या उपासनेनंतर मांडतो.