ई-संजीवनीवर औषध मिळतं, पण आपण शिकायचं कुठं?

उपकेंद्रवाली_राधानगरी
दाजीपूरच्या अंगाला एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. बीएएमएस, वर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. परवा धनगरवाड्यावरच्या एक मावशी आल्या, बीपी १६८/९८, बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू. ई-संजीवनीवर, म्हणजे डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, कॉल लावला. हबच्या, म्हणजे पलीकडं बसलेल्या, डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी जोडली, चिठ्ठी आली, कॉल बंद. अ‍ॅम्लोडिपिनच का नाही वाढवली, हे विचारायला वेळ नसतो, पलीकडं त्यांचीही रांग. उद्या तसाच पेशंट आला की मी परत कॉल लावणार. अशानं मी नुसती मोबाईल धरणारी बाई होऊन बसेन. ट्रेनिंग होतात, पण पीपीटी बघायची, जेवायचं, सही करून घरी. दुसरी काही पद्धत कुणाला माहीत आहे का?

निवृत्त_एमओ
ताई, आधी मावशींचं बघू. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजतात, डोस वाढवला की जास्तच. टेल्मिसार्टन जोडली की सूज कमी राहते. त्यांनी बहुतेक तोच विचार केला असेल. पण गोळी रोज पोटात जातीय का, की पाय सुजले म्हणून डब्यात पडून आहे? गुडघ्यासाठी मेडिकलमधनं डायक्लो (डायक्लोफेनॅक, दुखण्याची गोळी) चालू आहे का? त्यानं बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टनच्या जोडीनं किडनीवर ताण येतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम एकदा करून घ्या. दंड जाड असेल तर बीपी मशीनचा कफही (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मोठा लावून बघा, लहान कफ बीपी जास्त दाखवतो.

आता शिकण्याचं. 'इको' म्हणून पद्धत आहे. २००३ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोत लिव्हरचे डॉक्टर संजीव अरोरा यांनी सुरू केली. हेपटायटिस सीच्या पेशंटना त्यांचा नंबर लागायला कित्येक महिने लागायचे. मग त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांनाच दर आठवड्याला व्हिडिओवर बसवलं. एकानं आपली केस मांडायची, सगळ्यांनी तिच्यावर बोलायचं. २०११ मध्ये निकाल छापून आले: विद्यापीठात ५७.५ टक्के पेशंटचा व्हायरस गेला, गावांतल्या आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांत ५८.२.

गगनबावडा_एमओ
सर, ऐकायला झ्याक आहे. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट आणि रेंज एकदमच जातात. एंट्र्या भरता भरता संध्याकाळ होते. त्यात स्पेशालिस्ट फुकट वेळ कुठला द्यायला!

निवृत्त_एमओ
व्हिडिओचा हट्ट सोडा, साध्या फोनवर कॉन्फरन्स लावा. मेडिसिनचा एमडी झालेला तुमचाच एखादा बॅचमेट पकडा, पाच-सहा जण पुरे. पेशंटचं नाव, गाव, फोटो काही टाकायचं नाही. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) केसमधनं काय शिकणार, असं म्हणणारे भेटतील. त्यांना डॉ. बावस्करांचं सांगा, विंचूदंशाला प्राझोसिन हे औषध चालतं हे त्यांनी रायगडातल्या खेड्यातल्या पेशंटवर दाखवलं.

उपकेंद्रवाली_राधानगरी
आशाताईंना वाड्यावर पाठवलं होतं. डायक्लोच निघाली सर, जावयानं पाकीटच आणून दिलंय. बंद करायला सांगितलंय, रक्त उद्या घेते. आजरा आणि शाहूवाडीच्या दोघी तयार आहेत. भुदरगडचं कोण आहे का? पाचनंतर कधीही, बाजाराचा दिवस सोडून.