तापीत बुडी झालेली असेल, तर पुन्हा सशर्त स्नानसंस्कार द्यावा का?

तापीकाठ, भुसावळ
समजा, तळोद्याकडची मुलगी आहे. मोठेपणी एका स्वतंत्र मंडळीत तापीत बुडी घेऊन बाप्तिस्मा झालेला. दाखला नाही, पाळकाचा पत्ता नाही. लग्न कॅथलिक मुलाशी ठरलंय. माझं मत: फादरांनी सरळ सशर्त स्नानसंस्कार, म्हणजे अट घालून बाप्तिस्मा, द्यावा. "तुझा स्नानसंस्कार झालेला नसेल, तर मी तुला..." असं म्हटलं की पहिला वैध असल्यास दुसऱ्याने काही बिघडत नाही, नसल्यास आत्ता घडतो. तारणाच्या बाबतीत धोका कशाला पत्करायचा?

गिरणेवरचा, चाळीसगाव
बिघडतं! स्नानसंस्कार, दृढीकरण (श्रद्धा बळकट करणारा संस्कार) आणि याजकीय दीक्षा यांचा आत्म्यावरचा ठसा कायमचा, म्हणून ते पुन्हा देता येत नाहीत. धर्मसंहितेचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, कलम ८४५ बघा: कसून चौकशी करूनही रास्त शंका उरली, तरच सशर्त. अट म्हणजे चौकशीतून सुटका नव्हे. इ.स. २५६ च्या सुमारास कार्थेजचे बिशप सिप्रियन पाखंडी गटांतून आलेल्यांना पुन्हा पाणी घालत होते, तेव्हाच पोप स्टीफननी त्याला विरोध केला.

आधी विचारा: पाणी अंगावरून वाहिलं का? ओलं बोट कपाळाला टेकवलं असेल तर शंका खरी, पण बुडीत ती सहसा राहत नाही. मग शब्द. नदीवर गर्दीत एक जण शब्द म्हणतो आणि दुसराच बुडी देतो, तिथे घोळ होतो. पाणी आणि शब्द एकाच माणसाचे हवेत, एकाच वेळी. साक्षीला निःशंक असा एक माणूस पुरतो. बाप्तिस्मा मोठेपणीचा असेल तर तिची स्वतःची शपथही चालते, कलम ८७६. ही मुलगी तर समोरच बसलीय.

सातपुडा, शहादा
आणि ती म्हणाली, "फक्त येशूच्या नावाने दिला," तर सशर्तही नको. पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावंच नसतील तर शंका कसली? अट न घालता द्यायचा.

'आम्ही'चं प्रकरण मात्र आपल्या भाषेत अवघड आहे. २०२० मध्ये रोमने "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" हे अवैध ठरवलं. त्याच वर्षी अमेरिकेत डेट्रॉइटकडच्या एका फादरांच्या बाळपणीच्या बाप्तिस्म्याच्या व्हिडिओत डीकन (फादरांच्या खालचे दीक्षित सेवक) 'आम्ही' म्हणताना सापडले. स्नानसंस्कार, दृढीकरण, दीक्षा सगळं पहिल्यापासून द्यावं लागलं. लॅटिनमध्ये 'मी' गाळलं तरी क्रियापदातून कळतं. मराठीत "मी देतो", "आम्ही देतो", "तो देतो" सगळ्यांना 'देतो'च. दवाखान्यात मरणाच्या दारातल्या बाळाला पाणी घालणारी नर्स "देते" म्हणाली तर 'आम्ही' निदान वगळला जातो. म्हणून 'मी' स्पष्ट उच्चारायला शिकवा. नुसतं 'मी' गळलं म्हणून मी तरी पुन्हा पाणी घालणार नाही.

तापीकाठ, भुसावळ
शपथेचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात नव्हता. पण शब्द काय होते हे तिला आठवतच नसेल, आणि काठावरचे साक्षीदार ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतील, तर? लग्न पंधरा दिवसांवर आहे.

गिरणेवरचा, चाळीसगाव
तर लग्नाची घाई स्नानसंस्कारावर काढू नका. बाप्तिस्मा वैध असेल तर मिश्र विवाहाची परवानगी लागते, नसेल तर बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करण्याच्या अडथळ्यातून सूट. शंका असेल तेव्हा फादर नाशिकला बिशपांकडे परवानगीबरोबर सावधगिरी म्हणून सूटही मागतात. लग्न वेळेवर लागतं आणि ऊसतोडीवरच्या साक्षीदाराला फोन करायला सवड मिळते. तिला कॅथलिक व्हायचं असेल आणि त्यानंतरही शंका राहिली, तर सशर्त द्या, गाजावाजा न करता, कारण तिला नीट समजावून. आणि नोंदवहीत 'सशर्त' हा शब्द लिहायला विसरू नका.