सिव्हिल डिप्लोमानंतर अप्रेंटिसशिप की थेट साइटवर नोकरी?

प्रश्न: धाकट्या भावाचा सिव्हिल डिप्लोमा यंदा पूर्ण झाला. ठेकेदार सुपरवायझर म्हणून लगेच घ्यायला तयार आहे. आधी वर्षभर नोकरी करून मग अप्रेंटिसशिप केली तर चालेल का?

उत्तर १: नाही, क्रम उलटा करू नका. एक वर्ष किंवा जास्त अनुभव असलेल्यांना सरकारी कंपन्यांच्या जाहिराती बहुधा अपात्र ठरवतात. डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टल, अप्रेंटिसशिपची मुदत 1 वर्ष. आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं. महाराष्ट्र-गोव्याचं काम मुंबईच्या बोट (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) कार्यालयाकडे. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळवा, बँक खातं आधारला जोडा, नाहीतर स्टायपेंडमधला (विद्यावेतनातला) सरकारी वाटा अडकतो.

उत्तर २: रुजू होण्याआधी पोर्टलवर करार दिसतो का बघा. तोंडी ‘ये उद्यापासून’ म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे, शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही. अप्रेंटिसशिपचा कायदा 1961 चा आहे, नोकरीची हमी तो देत नाही, हेही भावाला सांगा.

उत्तर ३: दादा, स्टायपेंडपेक्षा काम काय मिळतंय ते विचारा. वर्षभर हजेरीपट लिहिण्यात जातं, हा नेहमीचा घोळ. ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) लेव्हल काढणं, सळयांचं बीबीएस (कापण्या-वाकवण्याच्या मापांचा तक्ता) करणं, काँक्रीटचे 150 मिमीचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरून 7 आणि 28 दिवसांनी तपासणं, ओतकामाआधी कॉलमला 40 मिमी कव्हर (सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर) मिळेल का बघणं, हे हातून व्हायलाच हवं. रोजची डायरी लिहून अभियंत्याची सही घ्यायची, मुलाखतीत तीच उघडून दाखवता येते.