मदत हवी आहे: 'ॲट्रिब्यूट'ला श्रेय म्हणू की खापर?

नमस्कार मंडळी,

मानसशास्त्रावरच्या एका लेखमालेचा मराठी अनुवाद तपासते आहे. शिवाय प्रत्येक लेखाचा छोटा इंग्रजी गोषवाराही मलाच लिहायचा आहे. जाताना आणि येताना, दोन्हीकडे एकच शब्द आडवा येतो: ॲट्रिब्यूट.

नाम असेल तर मराठीत गुण, गुणधर्म, वैशिष्ट्य यांपैकी काहीतरी खपून जाते. इंग्रजीत मात्र दर ओळीला तोच शब्द नको म्हणून थिसॉरस उघडला, तर क्वालिटी, ट्रेट, फीचर, प्रॉपर्टी, कॅरॅक्टरिस्टिक अशी रांगच लागली. हे सगळे एकमेकांच्या जागी चालतात का? संयम हे माणसाचे 'फीचर' म्हटले की कानाला खटकते, पण का ते नेमके सांगता येत नाही.

खरी अडचण क्रियापदाची. मूळ वाक्याचा आशय असा, की विद्यार्थी यशाचे कारण स्वतःच्या बुद्धीत पाहतात आणि अपयशाचे कारण प्रश्नपत्रिकेत. इंग्रजीत दोन्हीकडे ॲट्रिब्यूटच आहे. अनुवादकाने पहिल्या ठिकाणी 'यशाचे श्रेय बुद्धीला देतात' आणि दुसऱ्या ठिकाणी 'अपयशाचे खापर प्रश्नपत्रिकेवर फोडतात' असे केले आहे. मराठी म्हणून फक्कड आहे. पण मूळ लेखक कोणाची बाजू घेत नाही. प्रश्नपत्रिका खरेच अवघड असू शकते की! खापर म्हटले की विद्यार्थी कांगावाखोर ठरले.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'गूगल करा' असे प्रतिसाद कृपया नकोत, करून झाले आहे.

अर्धविराम

आधी उच्चार, कारण तिथेच अर्धे काम होते. नामाचा आघात पहिल्या अवयवावर, म्हणून 'ॲट्रिब्यूट'. क्रियापदाचा दुसऱ्यावर, म्हणून 'अट्रिब्यूट'. रेकॉर्ड आणि प्रेझेंट या शब्दांचेही असेच आहे. देवनागरीत हा फरक सरळ दिसतो, इंग्रजी स्पेलिंगमध्ये दिसत नाही.

लॅटिन 'त्रिबुएरे' म्हणजे वाटून देणे, नेमून देणे. काँट्रिब्यूट आणि डिस्ट्रिब्यूट त्याच घरातले. तेव्हा ॲट्रिब्यूट म्हणजे एखाद्याच्या नावे लावलेली गोष्ट. नामात ती गोष्ट गुण असते, क्रियापदात ती बहुधा परिणाम असते आणि आपण ती एखाद्या कारणाच्या नावे लावतो.

तुमच्या गोषवाऱ्यासाठी वाक्याची दिशा पक्की ठेवा. आधी परिणाम, मग 'टू', मग कारण: 'दे अट्रिब्यूट देअर सक्सेस टू इंटेलिजन्स.' मराठी डोक्यातला 'मुळे' तिथे 'ड्यू टू' होऊन घुसतो आणि 'अट्रिब्यूटेड ड्यू टू' असे काहीतरी तयार होते. ते चूक. 'फॉर'ही नाही. काँट्रिब्यूटची दिशा बरोबर उलटी. तिथे कारण कर्ता असते आणि परिणाम 'टू'च्या पलीकडे जातो: 'स्ट्रेस काँट्रिब्यूट्स टू एरर्स', पण 'एरर्स आर अट्रिब्यूटेड टू स्ट्रेस'. दोन्हीकडे 'टू' असल्याने लोक हमखास फसतात.

आणि वजनही वेगळे आहे. काँट्रिब्यूट म्हटले की बाकीच्या कारणांनाही जागा उरते. अट्रिब्यूट म्हटले की मुख्य कारण हेच, असे कोणीतरी मानते. 'मानते' महत्त्वाचे. 'कॉज्ड बाय' लिहिले की तो तुमचा दावा होतो, 'अट्रिब्यूटेड टू' लिहिले की तो मानणाऱ्याचा दावा राहतो.

पानगळ

नामांचे मी सांगतो. थिसॉरस रांग लावून देतो, कोणी कुठे बसायचे ते सांगत नाही.

प्रॉपर्टी पदार्थांची. घनता, द्रवणांक, विद्युतवहन. आपला 'गुणधर्म' इथे चपखल बसतो, आणि त्याच कारणाने माणसाला 'गुणधर्म' लावले की तो प्रयोगशाळेतला नमुना वाटू लागतो. ट्रेट सजीवांचा: आनुवंशिक किंवा स्वभावात मुरलेला. मानसशास्त्रात ट्रेट हा पारिभाषिक शब्द आहे, त्यामुळे नुसता तोचतोचपणा टाळायला तो वापरू नका, वाचक त्यातून भलतेच काही वाचतील. फीचर म्हणजे नजरेत भरणारा भाग. चेहऱ्याची ठेवण, प्रदेशाची भूरचना, यंत्रातली सोय. संयम नजरेत भरत नाही, म्हणून तुम्हाला खटकले. कॅरॅक्टरिस्टिक एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखायला उपयोगी पडते, म्हणजे आपले 'व्यवच्छेदक लक्षण'. क्वालिटी सगळ्यांत ढिला शब्द, कुठेही चालतो, पण बहुतेकदा चांगल्याकडे झुकतो.

ॲट्रिब्यूटसुद्धा बऱ्याचदा चांगल्याकडेच झुकतो, त्यातही एखाद्या भूमिकेला लागणारा गुण सांगायचा असतो तेव्हा. शिक्षकाला लागणारा संयम हा ॲट्रिब्यूट. शिक्षकाचा विसरभोळेपणा असेल तर मी तरी ट्रेट म्हणेन.

संगणकवाल्यांचे जग निराळे. एचटीएमएलमध्ये टॅगला जोडलेली जादा माहिती म्हणजे ॲट्रिब्यूट, डेटाबेसमध्ये तक्त्याचा स्तंभ म्हणजे ॲट्रिब्यूट. तिथे गुण-अवगुण काही नाही, भाषांतराच्या फंदातही पडू नये.

व्याकरणातही हा शब्द आहे. 'हुशार मुलगी' यातले नामाआधीचे विशेषण ॲट्रिब्युटिव्ह, 'मुलगी हुशार आहे' यातले प्रेडिकेटिव्ह. आपल्याकडे अधिविशेषण आणि विधिविशेषण, शाळेत शिकून विसरलेले.

धागाकर्ती

पानगळ, खूप मदत झाली. ट्रेटबद्दलचा इशारा वेळेवर आला, दोन ठिकाणी तसेच करून बसणार होते.

अर्धविराम, 'मानते' पटले. पण मग मराठीत काय? 'कारणीभूत ठरवतात' करून पाहिले. त्यालाही आरोपाचा वास येतो. यशाला कोणी 'कारणीभूत' म्हणत नाही, अपघाताला म्हणतात.

तिरकी रेघ

थोडे विषयांतर, पण तुमच्या प्रश्नाशी नाते आहे. चित्र-शिल्पाच्या अभ्यासात ॲट्रिब्यूट म्हणजे मूर्ती ओळखायची खूण. पाश्चात्त्य शिल्पात त्रिशूळ दिसला की ग्रीक समुद्रदेव पोसायडन, किल्ल्या दिसल्या की संत पीटर. जैन तीर्थंकरांच्या मूर्तींत महावीरांचा सिंह आणि ऋषभनाथांचा बैल यांना 'लांछन' म्हणतात. म्हणजे नुसती ओळखीची खूण. रोजच्या मराठीत त्याच लांछनाचा कलंक झाला.

'आरोप'चेही तेच. संस्कृतात आरोप म्हणजे एकावर दुसरे ठेवणे. वेदान्तात दोरीवर साप 'आरोपित' होतो, त्यात दोरीवर खटला नसतो. आज आरोप म्हटले की थेट कोर्ट. आपण तटस्थ शब्द घेतो आणि त्याला हमखास फिर्यादीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे करतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. तरी 'चेतनागुणोक्ती' शाबूत राहिली. निर्जीव वस्तूवर सजीवाचे गुण आरोपित करणे, यात कोणाला दूषण नाही.

ग्रंथांपुरता मात्र मराठीत सुरेख तटस्थ प्रयोग आहे: 'नावावर मोडणे'. महाभारत व्यासांच्या नावावर मोडते. मोडते म्हणणारा त्यांनीच लिहिले असे छातीठोक सांगत नाही आणि नाहीही म्हणत नाही. संग्रहालयात चित्राखाली 'अट्रिब्यूटेड टू' अमुक असे लिहितात तेव्हा हाच अर्थ असतो: बहुधा यांचे, पण खात्री नाही.

अर्धविराम

मोडणे आवडले, पण यश बुद्धीच्या नावावर मोडत नाही, तेव्हा इथे उपयोग नाही.

इंग्रजीतही सगळे शब्द तटस्थ नाहीत, हे लक्षात घ्या. क्रेडिट चांगल्याचे, ब्लेम वाईटाचे, इम्प्यूट बहुधा वाईटाकडे झुकलेला (संख्याशास्त्रात मात्र इम्प्यूट म्हणजे गाळलेल्या जागी अंदाजाने मूल्य भरणे). अस्क्राइब तटस्थ पण भारदस्त. पुट डाउन टू बोलण्यातला, गोषवाऱ्यात नको. अट्रिब्यूट इतका वापरला जातो तो त्याला झुकाव नाही म्हणून.

म्हणून मराठीत एका शब्दाचा हट्ट सोडा आणि वाक्य फिरवा. 'आपण हुशार आहोत म्हणून यश मिळाले आणि प्रश्नपत्रिका अवघड होती म्हणून अपयश आले, असे विद्यार्थी मानतात.' क्रियापद 'मानणे'. त्यात ना श्रेय, ना खापर.

'ॲट्रिब्यूशन', म्हणजे वागण्याचे किंवा घटनेचे कारण ठरवणे, हे पारिभाषिक संज्ञा म्हणून येते तिथे हे जमणार नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडरच्या 1958च्या पुस्तकापासून ही संकल्पना मानसशास्त्रात रुजली, आणि ली रॉसने 1977 साली 'फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर' हे नाव दिले: दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे डोळेझाक करायची. तिथे मी 'कारणारोपण' वापरेन, पहिल्यांदा येईल तेव्हा व्याख्या देऊन. तिरकी रेघ रागावतील, पण आरोपण झाडांचेही होते, त्यामुळे पिंजऱ्याची आठवण जरा कमी येते.

तिरकी रेघ

रागावलो नाही. 'कारणारोपण' चालेल. 'दोषारोपण'ही त्याच ओळीत उभे आहे, एवढे लक्षात असू द्या.

धागाकर्ती

वाक्य फिरवून अनुवादकाला पाठवले. त्यांचे म्हणणे, 'खापर'मुळे वाक्याला जीव होता, आता ते सरकारी झाले. थोडे खरे आहे. शेवटी असे ठरले, की लेखक संशोधन मांडतो तिथे 'मानतात', आणि पुढच्या परिच्छेदात तो स्वतः विद्यार्थ्यांना चिमटा काढतो तिथे 'खापर' ठेवायचे. चिमटा मुळातच आहे, त्यामुळे कोणावर अन्याय नाही.

एकच शंका उरली. तक्त्याच्या मथळ्यात 'ॲट्रिब्युटेबल टू' आहे, खाली कारणे आणि टक्केवारी. तिथे 'मानतात' कसे बसवू?

पानगळ

बसवू नका. तिथे कोणी मानत नाही, हिशेब करून वाटा काढलेला असतो. 'कारणनिहाय वाटा' लिहा आणि मोकळ्या व्हा.