मदत हवी आहे: प्रॅक्टिकलला सगळ्यांचे हात कसे चालवायचे?

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. ओहमचा नियम (व्होल्टेज = प्रवाह × रोध) मुलं झोपेतही सांगतील. पण परवा ५ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा होता, तर एकीने रेझिस्टरच (प्रवाहाला आवर घालणारा रोधक) घातला नाही. क्षणभर लख्ख उजेड आणि खेळ खलास! मग तिनेच वहीत गणित मांडलं: एलईडीवर साधारण २ व्होल्ट, उरले ३, प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे १५० ओहम. हा आकडा ती आता विसरायची नाही. (जळाला ते बरंच झालं, असं माझं मत.)

अडचण अशी की चौघांच्या गटात एकजण सोल्डरिंग करतो, बाकीचे तिघं जर्नल उतरवतात. तयार मांडणीवर नुसतं रीडिंग घेऊन बिघाड शोधायची सवय लागणार कशी? म्हणून एक वायर मुद्दाम सुटी ठेवून सर्किट द्यावं म्हणते. पण गुण कसे द्यायचे? सर्किट चाललं नाही, पण शोधायची दिशा बरोबर होती, तर?

कुणी असं करून पाहिलंय का? आणि कंपन्यांत काम करणाऱ्यांनो, नवी मुलं पहिल्या महिन्यात नेमकी कुठे अडतात? मल्टिमीटर वापरणं, डेटाशीट (सुट्या भागाचं माहितीपत्रक) वाचणं, की नोंदी ठेवणं?