आपल्या घरी नशा कशाला म्हणत असत? नागपूरकरांचे अनुभव

माझे वडील इतवारीतील एका पेढीवर अडतीस वर्षे हिशेब लिहीत होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात खर्र्याची पुडी नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी "घरात कोणाला काही व्यसन?" असे विचारले, तेव्हा "छे, आमच्या घराण्यात कोणालाच नाही" असे त्यांनी ठामपणे सांगितले, आणि सांगताना त्यांच्या गालात खर्रा होता. ते खोटे बोलत नव्हते. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ती वस्तू त्यांच्या लेखी चहाच्या पंक्तीतली होती, आणि विचारणाऱ्यांच्या लेखीही तशीच असावी, कारण बैठक संपल्यावर दोघांनी एकाच पुडीतून खर्रा घेतला. पुढे काही वर्षांनी वडिलांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे झाले. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, अस्तर ताठर होते आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका वाढतो, हे दंतवैद्यांनी त्यांना समजावून सांगितले. तरीही केसपेपर भरताना व्यसनाच्या रकान्यात त्यांनी "निरंक" असेच लिहायला लावले.

या धाग्यात म्हणून मला एकच गोष्ट विचारायची आहे. आपल्या घरी, गल्लीत, कचेरीत नशा कशाला म्हणत असत आणि कशाला म्हणत नसत? मला वाटते की आपण पदार्थाकडे पाहून हे ठरवत नाही. तो कोण घेतो, कोणासोबत घेतो आणि कोणत्या सणाला घेतो, हे पाहून ठरवतो. ज्याला नशा म्हणायचे नाही त्याची आपण काळजी करत नाही, आणि ज्याला म्हणायचे त्याच्याबद्दल घरात तोंड उघडत नाही.

कायद्यानेही अशी एक रेघ ओढलेली आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यात भांगेच्या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, हे दोन्ही गुन्ह्यात येतात. मात्र फुलोऱ्यावाचून असलेली नुसती पाने, म्हणजे भांग, गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. इंग्रजांच्या काळात हाच गांजा सरकारी परवान्याने विकला जात असे. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात खांडव्याकडे त्याची शेती होती, आणि १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेऊन सरसकट बंदी घालू नये असा निष्कर्ष काढला होता. एकाच झाडाला शंभर वर्षांत किती नावे मिळाली, हे पाहिले की घरातल्या रेघांचेही नवल वाटत नाही.

अनुभव लिहिताना कोणाचे नाव, विक्रीची ठिकाणे आणि पदार्थ मिळवण्याच्या वाटा कृपया लिहू नयेत.

निवृत्त शिक्षिका, महाल

१९७९ साली मी लग्न होऊन सासरी आले आणि पहिल्याच महाशिवरात्रीला मामंजींनी स्वतः वाटलेली ठंडाई सर्वांना दिली. त्यात भांग असते हे मला ठाऊक होते. पण शंकराचा प्रसाद नाकारणे नव्या सुनेला शोभले नसते. एक पेला घेतला, अर्धा तास झाला तरी काही जाणवले नाही, म्हणून जाऊबाईंनी दुसरा पेला पुढे केला. भांग पोटातून जाते, त्यामुळे तिचा अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, यकृतात तिचे रूपांतर अधिक जोरकस द्रव्यात होते आणि तो अंमल पुढे कित्येक तास टिकतो, हे मला फार उशिरा एका डॉक्टर विद्यार्थिनीने सांगितले. त्या रात्री मला एवढेच कळले की भिंती श्वास घेत आहेत आणि मी मरणार आहे. सासूबाई पहाटेपर्यंत माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा तो हात मी आजही विसरलेले नाही.

घरात ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे हसत हसत सांगितली गेली. त्याच घरात, बहुधा १९८६ च्या सुमारास, आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा चिलीम ओढताना सापडला, तेव्हा मामंजींनी "गंजेड्याची माय आपल्या घरात नको" असे म्हणून त्या बाईंचे काम सोडवले. त्या सतरा वर्षे आमच्याकडे होत्या. मी तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते आणि घरात एक शब्दही बोलले नाही. आपल्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर हेच आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते.

रेल्वेतून निवृत्त तिकीट तपासनीस, अजनी

नागपूर हे हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांवरचे जंक्शन असल्यामुळे आंध्र आणि ओडिशाच्या डोंगराळ भागातला गांजा येथून पुढे जातो, आणि तो नेणारे बहुतेक वेळा माल कोणाचा हेही न जाणणारे गरीब पोरगे असतात. माझ्या डब्यात पकडलेला एक मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच्या दोन बॅगांत मिळून बावीस किलो माल निघाला. कायद्यात गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोपेक्षा अधिकचे व्यापारी मानले जाते, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. हे मला माहीत होते, त्याला नव्हते. तो सारखा विचारत होता, "साहेब, दंड भरला तर सोडतील ना?"

गृहिणी, नंदनवन

माझ्या मुलाने पहिल्यांदा फोनवर "एमडी" हा शब्द उच्चारला तेव्हा मला वाटले की तो कोणा डॉक्टरबद्दल बोलतो आहे. मेफेड्रोन नावाच्या रासायनिक भुकटीला मुले एमडी म्हणतात आणि २०१५ मध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली, हे मला त्यानंतर आठ महिन्यांनी कळले. तो हिंगणा रोडवरच्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. रात्र रात्र जागायचा, जेवायचा नाही, झोपेत जबडा घट्ट आवळलेला असायचा, आणि मी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत असे की पोरगा फार अभ्यास करतो.

कळल्यावर आम्ही जे केले ते लिहिते, कारण दुसऱ्या कोणी तसे करू नये असे मला मनापासून वाटते. नातेवाइकांना आम्ही सांगितले की तो पुण्याला इंटर्नशिपसाठी गेला आहे, आणि त्याला शहराबाहेरच्या एका खासगी केंद्रात ठेवले. तेथे कोणी डॉक्टर नव्हता. दार बाहेरून बंद असे. पहिल्या महिन्यात भेटू देत नसत. दुसऱ्या महिन्यात भेटलो तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते, आणि तरीही मी त्याला "सुधारायचे असेल तर सोसावे लागेल" असे म्हणाले. मी, त्याची आई, असे म्हणाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारात मोजल्या आहेत, अशा आस्थापनेला नोंदणी बंधनकारक आहे, आणि रुग्णाला क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे, हे मला त्याच्या बापाच्या कचेरीतल्या एका बाईंनी सांगितले. आम्ही त्याच आठवड्यात त्याला घरी आणले आणि मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात नेले.

तेथे पहिल्याच दिवशी मी विचारले की पोलिसांना कळेल का. तेव्हा समजले की केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून शासकीय किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यापासून सूट देणारे कलम, ६४अ, त्याच १९८५ च्या कायद्यात आहे. ते आधी ठाऊक असते तर आमचे चार महिने आणि त्याची पाठ वाचली असती. केंद्र शासनाची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मी तिच्यावर तीन वेळा बोलले आहे. मुलगा मधे दोनदा घसरला. सध्या ठीक आहे. "सध्या" हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे.

(धाग्याच्या लेखकाकडून: आपण लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. आपल्या वाटेवरून जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराला ६४अ हा आकडा आज उपयोगी पडेल.)

वय २६, खासगी नोकरी, त्रिमूर्तीनगर

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू कोणी प्रामाणिकपणे मांडत नाही. महाविद्यालयात असताना आम्ही पाच मित्र फुटाळा तलावाच्या काठावर बसून गांजा ओढत असू आणि त्यात सुख होते. गाणे अधिक खोल ऐकू येई, एकमेकांशी जे कधी बोललो नसतो ते बोलता येई. शाळेत आम्हाला शिकवले होते की एकदा घेतली की माणूस संपतो. पहिल्यांदा घेतल्यावर कोणीच संपले नाही, आणि त्या दिवसापासून मोठ्यांनी सांगितलेल्या उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही आमचा विश्वास उडाला. माझे म्हणणे एवढेच आहे की भीती घालण्यासाठी सांगितलेले खोटे पुढे फार महाग पडते.

कारण खऱ्या गोष्टी होत्याच. पाचांपैकी तिघांनी नोकरी लागल्यावर सहज सोडली. मला सोडायला दीड वर्ष लागले. झोप लागत नसे, चिडचिड होई, आणि छातीत धडधडून आता आपण मरतो असे वाटे. पाचव्याच्या काकांना स्किझोफ्रेनिया होता. ज्याच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे त्याने गांजापासून दूर राहिले पाहिजे, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते, कारण त्यांच्या घरात काकांचा आजारही "नजर लागली" या नावाने झाकलेला होता. त्याला आवाज ऐकू येऊ लागले तेव्हा आम्ही दोन महिने ते गांजाचेच चढणे समजत राहिलो. तो आता औषधांवर आहे. मी दर रविवारी त्याच्याकडे जातो आणि आम्ही फारसे बोलत नाही.

औषधविक्रेता, सक्करदरा

माझ्या अनुभवात नशेचा सर्वांत निमूट प्रकार झोपेच्या गोळ्यांचा आहे. एक आजी बारा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम मागायला येत असत आणि नाही म्हटल्यावर त्यांचा हात थरथरत असे. २०१४ पासून ही औषधे एच-१ या अनुसूचीत आहेत, डॉक्टर व रुग्ण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते, त्यामुळे मी देत नाही. परंतु नुसते "नाही" म्हणून परत पाठवणेही धोक्याचे आहे, कारण इतक्या वर्षांची गोळी एकदम थांबली तर झटके येऊ शकतात. मी त्यांच्या सुनेला बोलावून मात्रा हळूहळू कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले. सुनेने मला ऐकवले, "आमच्या सासूबाई काय नशा करतात का?"

स्टेशनवरच्या मुलांसोबत काम करणारी कार्यकर्ती

आमच्या मुलांचा पदार्थ म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर, फडक्यावर ओतून हुंगलेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक आहे. त्या वाफेने हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो, हे मी त्यांना सांगते. ती ऐकून घेतात. एक दहा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "ताई, हे घेतलं की भूक नाही लागत, अन् थंडी नाही वाजत." त्यानंतर मी आधी जेवण आणि पांघरुण नेऊ लागले आणि बोलणे मागाहून.

बुधवारीतील रहिवासी

तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीने एका वर्षी नशेचा बडग्या, म्हणजे वाईट गोष्टीचा मिरवून जाळायचा पुतळा, केला होता, हातात मोठी सिरिंज आणि गळ्यात बाटल्यांची माळ. "घेऊन जा गे मारबत" म्हणत आम्ही तो मिरवला आणि जाळला. बडग्याच्या कागदाचा लगदा लावताना, मिरवताना आणि जाळताना आम्हा सर्वांच्या तोंडात खर्रा होता, आणि त्या दिवशी ही गोष्ट कोणाच्याही मनात आली नाही. आपला प्रश्न वाचला आणि आली.

बँक कर्मचारी, वय ३१

मी खर्र्याच्या पैशांवर शिकले आहे. वडील वारल्यावर आईने आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावरचा पानठेला चालवला. पहाटे चारला उठून ती घरीच शंभर-दीडशे पुड्या घोटून ठेवायची, आणि चुन्याने तिच्या बोटांची कातडी सोललेली असे. २०१२ च्या जुलैमध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. त्या वर्षी ठेल्यावर खर्रा इतका विकला गेला की माझ्या महाविद्यालयाची फी भरून उरलेल्या पैशांत आईने घरावर नवे टिन टाकले. नंतर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीत आली, अधूनमधून धाडी पडत, आई दोन दिवस ठेला बंद ठेवी आणि तिसऱ्या दिवशी उघडी. तिने स्वतः आयुष्यात कधी खर्रा तोंडात घातला नाही. लहानपणी मी एकदा पन्नीला लागलेली सुपारी चाटली, तेव्हा तिने मला जन्मात एकदाच मारले.

मला नोकरी लागल्यावर तिने ठेला विकला. गेल्या वर्षी आमच्या जुन्या शेजारच्या काकांची जबड्याची शस्त्रक्रिया झाली. ते रोज सकाळी पहिली पुडी आईकडून घेत असत, आणि भोवनी त्यांच्या हातची झाली की दिवस चांगला जातो असे ती म्हणत असे. आम्ही दोघी त्यांना बघायला गेलो. आईने पातळ खिचडी नेली होती, पण त्यांना नळीने अन्न देत होते, म्हणून डबा तसाच मांडीवर ठेवून ती खाटेजवळ बसली आणि खूप वेळ काहीच बोलली नाही. काकांना बोलता येत नव्हते. त्यांनी उशाची वही ओढून लिहिले, "ठेल्यावर आता कोण बसते?" आईने ते मला वाचायला लावले, कारण तिला वाचता येत नाही.